जास्तीचा एक

पत्नी गेली त्या आठवड्यात माझ्या हातून एकच निर्णय घेतला गेला आणि तो चुकला. बाकी सगळं इतरांनी ठरवलं. गुरुजी कोण सांगायचे, दहावं कुठे करायचं, पाहुण्यांची अंथरुणं कुणाच्या घरी घालायची. मी पेणच्या आमच्या घरात चटईवर भिंतीला टेकून बसायचो आणि काही विचारलं की मान हलवायचो. पत्नीची थोरली बहीण घर सांभाळायला आली होती. ती दिवसातून दोनदा माझ्यासमोर ताट ठेवायची आणि अर्ध्या तासाने तसंच उचलून न्यायची.

अशा एका दुपारी रोह्याहून फोन आला. पत्नी रोह्याच्या एका शाळेत गणित शिकवायची. नोकरीची सगळी वर्षं ती पेणहून रोज गाडीने गेली आणि आली. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, तरी तिथले जुने विद्यार्थी तिला विसरले नव्हते. फोन करणारा त्यांच्यातलाच होता. आता चाळिशीचा, कंपनीत शिफ्टला जाणारा.

"सर, आम्ही पोरांनी मिळून बाईंचा फ्लेक्स लावायचं ठरवलंय, नाक्यावर. तेराव्यापर्यंत ठेवू. तुमची हरकत नाय ना?"

मी आयुष्यभर पेणच्या एका ग्रंथालयात काम केलं. विद्यार्थी मला सर म्हणतात ते फक्त बाईंचे यजमान म्हणून. फ्लेक्स हा प्रकार मला कधी आवडला नव्हता. आमच्या भागात कुणी गेलं की दुसऱ्या दिवशी नाक्यावर त्याचा फोटो उभा राहतो, वर भावपूर्ण श्रद्धांजली, खाली शोकाकुल म्हणून गल्लीतल्या सगळ्यांची नावं. वडखळच्या वळणावर तर कधी कधी वाढदिवसाचा आणि श्रद्धांजलीचा फ्लेक्स शेजारी शेजारी असतो आणि दोन्हींवरची माणसं सारखीच हसत असतात. पण त्या दिवशी आवडनिवड असं काही माझ्याजवळ उरलं नव्हतं. मी म्हटलं, लावा.

संध्याकाळी त्याने फोनवर नमुना पाठवला. मधोमध पत्नीचा फोटो, निरोप समारंभातला, निळ्या साडीतला. खाली "बाईंचे सर्व विद्यार्थी" एवढंच. नावं नाहीत, पुढारी नाहीत. आणि फोटोच्या दोन्ही बाजूंना तिचा आकडा. डावीकडे एकांची एक ओळ, उजवीकडे एकांची एक ओळ, दोन्ही सारख्या, जशा दाराच्या दोन्ही बाजूंना समया ठेवाव्यात. खाली त्याने लिहिलं होतं, "सर, बघून सांगा. ओके असेल तर छापायला देतो."

मी बघितलं. मला ते सुंदर वाटलं. त्या दिवसांत मला काही सुंदर वाटलं याचंच मला जरा आश्चर्य वाटलं. मी लिहिलं, "छान आहे. चालेल."

तिचा आकडा म्हणजे काय ते सांगायला हवं. एकोणीस एक ओळीने लिहायचे, १११११११११११११११११११, की जी संख्या होते ती मूळ संख्या आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही तिला पुरा भाग जात नाही. दरवर्षी जूनमध्ये आठवीच्या नव्या वर्गात पत्नी पहिल्याच तासाला फळ्याच्या वरच्या कडेला ती लिहायची आणि म्हणायची, हिला फोडून दाखवा. वर्षभर ती ओळ पुसायची नाही असा नियम होता. मुलं आधी तीनने बघायची. अंकांची बेरीज एकोणीस, तीनने जात नाही. मग सात, अकरा, तेरा. मग कंटाळायची. एखादं मूल कंटाळायचं नाही आणि दिवाळीच्या सुट्टीतही भाग देत बसायचं. अशा मुलांची नावं ती घरी येऊन मला सांगायची.

मला स्वतःला ही गोष्ट खूप उशिरा कळली, म्हणजे जेवढी कळली तेवढी. एका श्रावणात आम्ही दोघं वाल सोलत बसलो होतो. मोड आलेले वाल सोलायला वेळ लागतो आणि त्या कामात डोकं मोकळं असतं. मी सहज म्हटलं, तुझ्या त्या आकड्यात एवढं आहे काय. तिने ताटातले सहा सोललेले वाल घेतले आणि तीन-तीनच्या दोन ओळी मांडल्या.

"हे सहा एक समज. एक लाख अकरा हजार एकशे अकरा. ओळी सारख्या झाल्या ना? मग हा आकडा फुटला. वरची ओळ एकशे अकरा, खालची ओळ एकशे अकरा. एकशे अकरा गुणिले एक हजार एक. करून बघ."

मी कागदावर करून बघितलं. बरोबर आलं.

"म्हणजे एक जेवढे आहेत, तेवढे वाल सारख्या ओळींत मांडता आले की संख्या फुटलीच. म्हणून एक किती आहेत, तो आकडा आधी मूळ पाहिजे. एकोणीस वाल घे. मांडून दाखव."

मी मांडत बसलो. एक वाल उरायचा किंवा कमी पडायचा.

"म्हणून ती मूळ," मी म्हटलं.

"नाही ना," ती म्हणाली. वर्गात म्हणत असेल तशीच. "सगळे इथेच घसरतात. सतरा वालही मांडता येत नाहीत, पण सतरा एकांची संख्या फुटते. ओळी झाल्या तर नक्की फुटते. ओळी झाल्या नाहीत तर फुटेल किंवा नाही फुटणार, ते शोधावं लागतं. दोन एकांची अकरा मूळ. मग थेट एकोणीस एकांची. मग तेवीस एकांची. त्यानंतर तीनशे सतरा एक लिहावे लागतात, तोवर एकही नाही."

"तू शोधलंस?"

"मी कुठली शोधणार. कुणीतरी शोधलंय, मी वाचलंय. मी माझ्यापुरतं थोडं पुढपर्यंत बघितलंय." मग तिने सांगितलं की या संख्येला भाग गेलाच तर तो वाटेल त्या संख्येने जाणार नाही, जिला एकोणीसने भागल्यावर एक उरतो अशाच मूळ संख्येने जाईल. त्यामुळे बाकीच्या सोडून देता येतात. १९१, २२९, ४१९, ४५७ अशा निवडक संख्या घेत जायचं. पण जायचं ते शंभर कोटींच्याही पुढे. एका माणसाच्या आयुष्यात ते होणार नाही. "पोरांनाही मी हेच सांगते," ती म्हणाली. "मला सिद्ध करता येत नाही, मी विश्वास ठेवलाय, असं फळ्यापाशी उभं राहून सांगते. त्यांना ते आवडतं."

तिचे वडील मिठागरात कामाला होते. लहानपणी ती मिठागराच्या बांधावर बसून चौकोन मोजायची आणि ते किती प्रकारे सारखे वाटता येतील ते बघायची, असं तिची बहीण सांगते. बहिणीच्या मते ते वेड होतं आणि वडिलांनी कौतुक करून ते वाढवलं.

फ्लेक्स लागला त्या दिवशी रोह्याहून त्याचे फोटो आले. बसायला आलेल्या माणसांमध्ये ते या फोनवरून त्या फोनवर फिरले. कुणी म्हणालं, किती मोठा लावलाय. कुणी म्हणालं, विद्यार्थी असावेत तर असे. पत्नीच्या बहिणीने, मी त्यांना ताई म्हणतो, फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

"तिचा तो लांबडा आकडा पन घातलाय," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजूंना सारका. शोभून दिसतंय."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. सारका हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. लोक बोलत होते, मी मान हलवत होतो. आणि मग कुणीतरी मागून हाक मारावी तसं मला आठवलं की एकोणीस सारखे वाटता येत नाहीत. मी फोटो मोठा करून डावीकडचे एक मोजले. दहा. उजवीकडचे मोजले. दहा.

मी उठून मोरीत गेलो, दार लावलं आणि पुन्हा मोजले.

वीस एक. लहान मूलही सांगेल, दोन दोन एक जोडत गेलं की अकरा, अकरा, अकरा, म्हणजे अकराने भाग जातो. आणि भाग जातो हे दाखवायला कागदही लागत नव्हता. दहा एकांची ओळ डावीकडे होती, दहा एकांची ओळ उजवीकडे होती. सहा वालांनी तिने जे मला दाखवलं होतं तेच नाक्यावर भल्यामोठ्या अक्षरांत उभं होतं, आणि दोन ओळींच्या मध्ये ती हसत होती. ती मांडणी मला सुंदर वाटली होती. मी चालेल म्हटलं होतं.

लाज वाटली ती नेमकी कशाची हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. आता लिहिताना विचारतो आहे. तिच्यासाठी वाईट वाटलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण त्या मोरीत उभं असताना माझ्या डोळ्यांसमोर तिचा चेहरा आला नाही. रोह्यातले गणिताचे शिक्षक आले. ते नाक्यावर गाडी थांबवतील, मोजतील, एकमेकांना दाखवतील, बाईंना आपला आकडाही धड येत नव्हता म्हणतील. आणि मग कोणीतरी विचारील की घरच्यांना दाखवलं नव्हतं का. मला लोकांच्या हसण्याची भीती वाटली होती. ती गेल्यानंतर पहिल्यांदा माझ्या अंगात हालचाल आली ती या भीतीने.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सदरा घालून निघालो. ताई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"भावोजी, कुठं?"

"रोह्याला जाऊन येतो."

"सुतकात? दहावं व्हायचं हाय अजून. अग्नी तुमी दिलाय. असं मुंडन केलेलं डोकं घेऊन गाडीत बसनार?"

"काम आहे."

"कसलं काम?"

फ्लेक्सवर एक एक जास्त झालाय, हे मी त्यांना कसं सांगणार होतो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग त्यांचा आवाज बदलला. "तिची शाळा बघून यायची हाय का?" त्या म्हणाल्या. "जावा. पन सावलीतनं जावा."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांना काय समजायचं ते त्या समजल्या आणि मी समजू दिलं.

गाडीत फारशी माणसं नव्हती. नागोठण्याला एक बाई चढली, माझ्या डोक्याकडे बघून समोरची जागा सोडून पलीकडे बसली. निडी गेलं. या रस्त्याने पत्नीने किती वर्षं ये-जा केली याचा विचार त्या वेळी मनात यायला हवा होता, तो घरी परतल्यावर आला. जाताना मी खिशातला फोन काढून पुन्हा पुन्हा तेच मोजत होतो. एखादा एक दोनदा धरला गेला असेल अशी आशा होती.

नाक्यावर फ्लेक्स माझ्या कल्पनेपेक्षा मोठा निघाला. बांबूच्या सांगाड्यावर ताणलेला, खालून वारा शिरला की तिची साडी फुगल्यासारखी दिसायची. फोनवर कळवल्याप्रमाणे तो विद्यार्थी मोटारसायकल घेऊन आला होता. दुसरी पाळी होती, त्यामुळे दुपारपर्यंत मोकळा होता. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला.

"मी बोललो पोरांना, सर स्वतः बघायला येतायत. सुतकात बी येतायत. पोरं गप्पच झाली."

त्याने मला टपरीवर नेलं. मी म्हटलं, मी बाहेरचं घेत नाही सध्या. तो म्हणाला, "चहाला कसलं सुतक, सर." आणि दोन चहा सांगितले. आम्ही बाकावर बसलो. समोर ती होती. मला सांगायचं होतं, पण त्याचा चेहरा इतका समाधानी होता की सुरुवात सापडेना.

"सर, तुम्हाला म्हाईत नाय, मी तो आकडा फोडला व्हता एकदा."

"खरं?"

"आठवीत. सातने भाग गेला. पुरा. रात्रभर झोप नाय मला. सकाळी प्रार्थनेच्या आधी वर्गात जाऊन फळ्यावर सगळा भागाकार लिवला. पोरं जमली. बाई आल्या, बघितलंन. म्हनाल्या, छान केलायस भागाकार, एकबी चूक नाय. आता एक मोज." तो हसायला लागला. "अठरा. मी अठराच मांडले व्हते. अठरा एकांना जातो सातने. पोरं अशी हसली सर, मला वाटलं शाळा सोडावी. तर बाई म्हनाल्या, हसायचं काय त्यात? हा ज्याला फोडून आला तो आकडा खरंच फुटतो. तो ह्याचा आकडा. माझा वेगळा आहे, तो हाय तिथंच हाय."

चहा संपला होता. त्याने पेला खाली ठेवला. मी विचार केला, आता नाही बोललो तर घरी जाऊन काहीच बोलता येणार नाही.

"फ्लेक्सवरचे मोजा," मी म्हटलं.

त्याला आधी कळलं नाही. मग त्याने मान वर केली. ओठ हलवत, बोट हवेत पुढे सरकवत तो मोजायला लागला. मधून डंपर गेला, त्याचं बोट चुकलं, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या बाजूला पोचला तेव्हा बोट सावकाश झालं. शेवटी त्याने हात खाली घेतला. मग उठला, रस्ता ओलांडून फ्लेक्सवाल्याच्या दुकानात गेला आणि त्याला हाताला धरून बाहेर घेऊन आला. फ्लेक्सवाला त्याच्याच वयाचा, जाड चष्म्याचा माणूस होता. तो दुसऱ्या शाळेतला. पत्नीच्या हाताखालचा नव्हे.

"किती हायेत? मोज."

"काय मोजू?"

"ते एक. किती घातलेस?"

"दहा नि दहा."

"तुला किती दिलते मी?"

"एकोणीस असतील. अरे, बसत नव्हते ना. एका बाजूला नऊ आनि एका बाजूला दहा, बाई कलल्यासारख्या दिसत व्हत्या. म्हनून एक वाढवला. मला वाटलं नक्षी हाय ती."

"नक्षी?"

"वेलबुट्टी असते ना तशी. एक, एक, एक. कोन मोजतंय?"

"कोन मोजतंय? अख्खं रोहं मोजील. उद्या लग्नाच्या फ्लेक्सवर नवऱ्याची दुसरी बाजू रिकामी दिसली तर तिथं आनखी एक नवरी घालशील तू."

टपरीवरचे दोघंतिघं हसले. फ्लेक्सवाला हसला नाही. तो चष्मा पुसायला लागला. विद्यार्थी बोलतच राहिला. बाईंनी आयुष्य घालवलं या आकड्यामागं, तुला एक एक सांभाळता आला नाय, सर सुतकात इथवर आलेत, काय वाटलं असेल त्यांना. फ्लेक्सवाल्याने एकदाच माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. काहीतरी बोलेन म्हणून तो वाट बघत असावा, किंवा मलाच तसं वाटलं असेल. मी रिकाम्या पेल्याकडे बघत बसलो.

मी गप्प बसलो. छान आहे, चालेल, हे माझे शब्द होते. एकोणीसचा अर्थ न कळणारा माणूस शिव्या खात होता आणि ज्याला तो अर्थ ताटात वाल मांडून समजावला होता तो चहाच्या बाकावर बसून दुःखी दिसत होता. माझं मुंडण केलेलं डोकं माझ्या बाजूने बोलत होतं. लोक माझ्याकडे कळवळून बघत होते आणि त्याच्याकडे रागाने. हे किती वेळ चाललं ते मला माहीत नाही. फार वेळ नसेल. मला तो फार वाटला.

मग मी उठलो. "त्यांना बोलू नका," मी म्हटलं. "मला दाखवलं होतं तुम्ही. मीच चालेल म्हटलं. मी मोजलं नाही."

विद्यार्थी थांबला. त्याने जमिनीकडे बघितलं.

"ठाऊक हाय, सर," तो म्हणाला. "तुमचा मेसेज माझ्याकडंच आलाय."

"मग यांना का बोललात एवढं?"

"तुमाला कसं बोलनार?" त्याने माझ्या डोक्याकडे नुसता हात केला. "आनि मीबी कुठं मोजलं. मला तर बाईंनी अख्ख्या वर्गासमोर शिकवलं व्हतं, आधी एक मोज म्हनून. मी याला ओरडलो नसतो तर कुनाला ओरडलो असतो?"

फ्लेक्सवाल्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "त्याने मला सांगितलं व्हतं, काका," तो मला म्हणाला. "सरांनी ओके केलंय म्हनून." म्हणजे त्यालाही माहीत होतं. दोघांनाही माहीत होतं. टपरीवाल्यासमोर, हसणाऱ्यांसमोर एकजण बोलला होता आणि एकाने ऐकून घेतलं होतं, आणि दोघांनीही माझं नाव घेतलं नव्हतं. मी बोलायला लावलेला वेळ त्या दोघांनी मोजला असेल का, हा विचार मला त्या क्षणी आला आणि अजून येतो. त्यांनी मला वाचवलं याबद्दल आभार मानायला हवे होते. ते मी मानले नाहीत.

नवा फ्लेक्स करून देतो, असं फ्लेक्सवाला म्हणाला. मी नको म्हटलं. विद्यार्थीही म्हणाला, एक झाकून टाक, बस. फ्लेक्सवाल्याने दुकानातून शिडी आणली आणि पार्श्वभूमीच्या रंगाचा चिकटणारा कागद कापून आणला. शिडीवर चढून त्याने खाली बघितलं.

"कुठला झाकू?"

विद्यार्थी माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, कुठलाही. आणि म्हणताना मला जाणवलं की हे खरंच तसं आहे. सगळे एकच. पहिला झाका, शेवटचा झाका, मधला झाकून बाकीचे सरकवा, उरणारी संख्या तीच. उलटी वाचली तरी तीच. या आकड्यात कुणाची जागा ठरलेली नाही, फक्त किती आहेत ते ठरलेलं आहे. हे तिने मला सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

"असं कसं, काका. तुम्ही सांगा," फ्लेक्सवाला वरून म्हणाला.

मी उजवीकडच्या ओळीतला अगदी टोकाचा दाखवला. त्याने त्यावर कागद चिकटवला आणि तळहाताने दाबला. रंग थोडा फिका निघाला. खालून कळत होतं की तिथे काहीतरी होतं आणि झाकलं आहे. टपरीवरचा एकजण दुसऱ्याला विचारत होता, कुनाचं नाव काढलं रं? दुसरा म्हणाला, असेल कोनतरी, फोटोत यायला धडपडनारा.

आम्ही तिघं रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण तिघंही मोजत होतो. फ्लेक्सवाल्याचं म्हणणं खरं होतं. एका बाजूची ओळ आखूड झाल्यामुळे पत्नी एका अंगाला सरकल्यासारखी दिसत होती, जशी गाडीत कुणाला जागा करून देताना माणसं सरकतात.

दुपारच्या गाडीने मी पेणला आलो. ताईंनी विचारलं, बघितली का शाळा. मी म्हटलं, शाळेत गेलोच नाही. मग जे झालं ते सगळं त्यांना सांगितलं, सकाळी न सांगता गेलो तेही, बाकावर गप्प बसलो तेही. त्यांनी तांदळाचं पातेलं चुलीवर ठेवलं, झाकण ठेवलं, आणि म्हणाल्या, "तो मानूस जेवायला येनार हाय का तेराव्याला?"

"कोण?"

"ज्याने बोलनी खाल्ली तो."

मी बोलावलं नव्हतं. त्यांनी फोन माझ्यासमोर ठेवला.

तेराव्याला रोह्याची मंडळी आली. पुष्कळ आली. त्यांनी आपसात बाईंच्या गोष्टी सांगितल्या, आकडा कुणी किती पुढपर्यंत भागला त्याच्या पैजा आठवल्या, आणि जेवताना मोठ्याने हसलेही. मला ते बरं वाटलं. काहींनी माझा हात धरून सांगितलं की सर, तुम्ही सुतकात फ्लेक्स बघायला आलात, असं प्रेम आम्ही बघितलं नाही. प्रत्येकाला खरी गोष्ट सांगायची असं मी ठरवलं होतं. पहिल्या दोघांना सांगितली. त्यांना वाटलं मी विनयाने बोलतो आहे. तिसऱ्याला मी सांगितली नाही.

फ्लेक्सवाला उशिरा आला आणि शेवटच्या पंगतीत टोकाला बसला. ओळखीचं कुणी शेजारी नव्हतं. मी माझं पान घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसलो. ताई वाढायला आल्या, त्याच्या पानात त्यांनी दोनदा वाढलं.

वरणभात संपत आला तेव्हा तो खाली बघूनच म्हणाला, "काका, दहा-दहा छान दिसत व्हतं पन."

"हो," मी म्हटलं. "छान दिसत होतं."